उजवा हात

डावा हात मशीनचा.
कातडीखाली गुरगुरतो रात्रंदिवस.
त्यावर झोपायचं नाही, त्यात पिशवी धरायची नाही,
रक्तदाबाचा पट्टासुद्धा त्याला चालत नाही.
उरला उजवा.
तो मोडला द्वारकेला, सिटी बसमधून उतरताना,
डायलिसिसहून घरी येत होतो.

“हाड कागदासारखं झालंय,” डॉक्टर भावसार म्हणाले.
मला हसू आलं.
कागदाचं मला सांगतात!
एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
ह्याच अंगठ्यानं नोटा तपासल्या,
एक घडी, एक फिकट आकडा सुटला नाही.

बागुलकाकू पायाचं सूप घेऊन आल्या,
कुणी दूध, कुणी हाडजोडीची वेल.
इंदुमतीनं सगळं दारातूनच परत केलं.
फॉस्फरस, पोटॅशियम:
आमच्या घरात हे आता
सासू-नणंदांसारखे शब्द.

लोकांचं प्लास्टर सहा आठवड्यांत निघतं.
माझं अकराव्या.
आतून निघाला तो कुणा दुसऱ्याचाच हात,
बारीक, पांढुरका, उजेडाला बुजलेला.
तोवर तिनं भात भरवला, बटणं लावली,
आणि भांडलीही,
ज्याला माफीसाठी हातही जोडता येत नाहीत
अशा माणसाशी.

आता दुपारी
टेबलावर दहाच्या नोटांची गड्डी.
अंगठा ओला करतो.
एक. दोन. तीन.
पंधराला कळ येते, कोपरापर्यंत जाते.
काल सतरा झाल्या.
“सोळाच,” इंदुमती ओट्यापाशी, पाठमोरी.
पुन्हा मोजायला घेतल्या.