कोपराला पडलेले पोचे

चार इंची पाइप. बेचाळीस मीटर. तीन कोपर.
तासाला दोन टन बेसन,
सेकंदाला वीस मीटर हवा.
नागपुरात बसून मी हे मांडलं तेव्हा
पीठ माझ्या कागदावर कुठेच अडकलं नव्हतं.

पिंपळखुट्यात, कारंज्याच्या अलीकडे,
चक्कीचं शेड एका अंगाला, पॅकिंगचं दुसऱ्या.
मधे कुमरेंचा गोठा, त्यावरून पाइप जातो
उघड्या आभाळाखाली अठरा मीटर.
खाली म्हशी रवंथ करतात.

लोक विचारतात, म्हणजे उफणणीच ना?
नाही.
उफणणारा वारा दाणा इथे टाकतो, फोलपट तिथे,
त्याचं काम खळ्यातच संपतं.
माझ्या हवेला ओझ्यासकट वळायचं असतं.
जास्त दिली तर कोपर आतून झिजतो,
कमी दिली तर पीठ पाइपच्या बुडाशी निजतं,
आधी नखाएवढं, मग बोटभर,
मग ब्लोअर धापा टाकतो.

पौषात, रात्री तीनला, फोन.
"म्याडम, नळी मुकी झाली."
नथ्थू कुमरे. रात्रपाळी.

गेले. दुसरा कोपर पाहिला.
बाहेरच्या वळणावर पोचे,
एकावर एक, देवीच्या व्रणांसारखे.
मी मोजले: एकसष्ट.
नथ्थूच्या हातात बाभळीची मोगरी.
"काय करू जी, ठोकलं का चालते.
दिवसा नाई अडत. रातच्यालेच अडते."
तो माफी मागत होता
आणि मी एकेक पोचा वाचत होते,
दुसऱ्या कुणी तपासलेली
माझीच उत्तरपत्रिका.

ब्लोअर उघडला. फिल्टरच्या पिशव्या झटकल्या.
एअरलॉकच्या पात्यांतली फट मोजली.
सगळं बरोबर.
बरोबर असण्याचा इतका राग
मला कधी आला नव्हता.

मग कोपर खोलला.
आत बेसनाचा गोळा, ओलसर,
बोट लावलं तर ठसा उमटेल असा.
वच्छलाबाई धार काढून बादली घेऊन येत होती.
वाकली, वास घेतला.
"गरम पीठ गार नळीतून जाते म्हणल्यावर
घाम येनच नं.
भाताच्या झाकणीले नाई येत?
माहं वासरू रातच्यानं बारदान पांघरते,
तुमची नळी काऊन उघडी?"

माझ्या कागदावर हवेचं तापमान होतं.
पिठाचं होतं.
गोठ्यावरच्या आभाळाचं नव्हतं.

उजाडल्यावर पोती उसवली.
नथ्थू शिडीवर, मी खालून सुतळी देत,
वच्छलाबाई गाठ बघून "ढिल्ली हाय" म्हणत.
एक्केचाळीस पोती लागली.
दुरून पाइप दिसू लागला
आजारातून उठून अंगणात बसवलेल्या माणसासारखा.

त्या रात्री नळी बोलली.
नव्या कापडावरून कुणी हात फिरवत जावा
तसा आवाज, न थांबता, दिवस निघेपर्यंत.
पहाटे नथ्थूने तरीही एकदा मोगरी मारली.
सवय.
बासष्ट.

पुढच्या गिरणीच्या नकाशात मी एक रकाना वाढवला:
उघड्यावरची थंडी.
ऑफिसातून लाल शाईत शेरा आला,
एकक काय?
मी लिहिलं: पोती.