पसंतीक्रम

रात्री बारापर्यंत यादी लॉक करायची आहे.
लष्करमधल्या खोलीत पंखा अर्ध्याच वेगाने फिरतोय,
वहीत रेघा मारून ठेवल्यात:
कॉलेज, जागा, विद्यावेतन, बाँड किती लाखांचा,
टेबलं किती, नाइट कितव्या दिवशी,
हॉस्टेलला पाणी येतं का.
शेवटचा रकाना आखला, पण त्याला नाव
महिनाभर सुचलं नाही.

बाबा म्हणाले, भूल देणार? अगं,
पेढे कापणाऱ्याला मिळतात.
शिवाय तू बोलघेवडी,
आणि पेशंट सगळे झोपलेले.

पहिल्या कॉलेजची पोरगी फोनवर म्हणाली,
केसेस ढीगभर, महिन्याभरात ट्यूब हातात देतात.
शेजारी कोण असतं?
ती म्हणाली, देव.
दुसरीकडचा म्हणाला, यंत्रं नवीकोरी,
पण हात लावायचा तो तिसऱ्या वर्षी.
तिसरीकडे फोनच उचलला नाही.
चार दिवसांनी मेसेज आला: सॉरी, झोपलो होतो.
तिथे मी प्रश्नचिन्ह काढलं, मग खोडलं.
झोप मिळते, हे काय वाईट आहे?

इंटर्नशिपमध्ये थिएटरला पंधराच दिवस मिळाले.
हरगोविंद, तीस वर्षं ट्रॉली ढकलणारा,
मी न विचारताच म्हणाला होता,
मशीन मत देखो मॅडमजी,
देखो मरीज का नाम कौन पूछता है.

त्या दिवशी टेबलावर शितोळेबाई होत्या,
पित्ताशयात खडे, पायात मोजे, डोळ्यांत थंडी.
भदौरिया सरांनी आधी नाव विचारलं,
मग म्हणाले, अम्मा, सौ से उल्टी गिनती.
बाई सुरू झाल्या:
शंभर, नव्याण्णव, अठ्ठ्याण्णव…
सरांनी माझ्याकडे पाहिलं: ठीक गिन रही हैं?
म्हटलं, हो सर, अगदी बरोबर.
पंच्याण्णववर माझ्या हातातला त्यांचा हात सैल पडला.

सरांनी मास्क मला दिला.
तीन बोटं जबड्याखाली, हाडावर, मांसावर नाही.
उजव्या हातात फुगा,
आणि एका अनोळखी बाईचा श्वास
माझ्या तळहातावर अवलंबून.

थोड्या वेळाने यंत्राचा सूर उतरू लागला.
ग्वाल्हेरात सुराचे जाणकार गल्लोगल्ली,
मला तर शाळेच्या समूहगीतातून काढलं होतं.
पण हा उतरलेला सूर कळला,
आकड्याकडे बघायच्या आधी.
चौऱ्याण्णव. त्र्याण्णव. एक्याण्णव.
बाईंनी सोडलेली मोजणी
यंत्राने पुढे चालू ठेवली होती.

सर ओरडले नाहीत. मास्क हिसकावला नाही.
माझ्या बोटावर बोट ठेवून
जबडा अर्धा इंच पुढे उचलला,
सूर चढेपर्यंत थांबले,
आणि पुन्हा हात मागे बांधून उभे राहिले.

संध्याकाळी वॉर्डात बाईंनी मला ओळखलं नाही.
त्यांच्या मुलाने सर्जनला पेढे दिले,
एक फुटका हरगोविंदला.
मी विचारलं, कशा आहात?
मराठी ऐकून त्या उठूनच बसू लागल्या.
म्हणाल्या, मी कुठवर मोजलं होतं गं?
पंच्याण्णव.
मग अजून पुष्कळ शिल्लक आहेत की, म्हणाल्या.

अकरा चाळीस.
शेवटच्या रकान्यावर आता लिहिलंय: हात.
पहिल्या कॉलेजच्या पोरीला पुन्हा फोन लावला.
सूर उतरला आणि हाक मारली, तर खरंच कुणी येत नाही?
ती गप्प. मागे कुठेतरी ट्रॉलीची चाकं.
मग म्हणाली, एक मॅडम येतात.
रात्री तीनलाही येतात,
एकदा चपला न घालताच आल्या होत्या.
रोज?
नाही गं. त्यांची ड्युटी सोमवार आणि गुरुवार.

आठवड्यातले दोन दिवस.
बाकीच्या पाचांसाठी
मी रकान्यात काहीच लिहिलं नाही,
आणि त्या कॉलेजपुढे एक घातला.