घसारा

विश्वामित्री उतरल्यावर चौथ्या दिवशी
छाणी रोडच्या गॅरेजात मी अठरावी गाडी उघडली.
आधी वास येतो, मग मालक.
मालक म्हणजे निर्मला आंग्रे,
आंग्रे मोटर ड्रायव्हिंग, बाबाजीपुरा.
टपावरचा ‘एल’ अजून लाल,
त्याखालचं सगळं गाळाच्या रंगाचं.

माझं काम तसं कोरडं :
पाण्यानं काय केलं ते एका रकान्यात,
वर्षांनी काय केलं ते दुसऱ्यात.
पैसे पहिल्याचेच मिळतात.

सीटचा फोम : पाणी.
वायरिंग, स्टार्टर, मीटरची काटेरी धुगधुगी : पाणी.
मागच्या दाराचा पोचा : जुना.
“तो रिव्हर्स शिकणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा,” त्या म्हणाल्या.
“तो धरूच नका. त्यांनाही वाईट वाटेल.”

इंजिनपाशी मी नेहमी थांबतो.
पाण्यात उभ्या गाडीची कुणी चावी फिरवून बघतं,
रॉड वाकतो
आणि कंपनी हात वर करते.
इथे रॉड सरळ.
“चावीला हात लावायचा नाही, हे मी दुसऱ्याच दिवशी शिकवते,”
एवढं बोलून बाई पुन्हा ऑइलच्या डब्यावर बसल्या.

ठाकोरभाईंनी क्लच प्लेट हातात ठेवली,
उन्हात वाळवलेल्या पापडासारखी.
“आ तो घसारो छे.”
त्यांच्याकडे दोन्हीला एकच शब्द.
आपल्याकडे झीज वस्तूची होते, घसारा किमतीला लागतो.
रबराला पन्नास टक्के, प्लास्टिकला पन्नास,
काचेला काहीच नाही.
काच जुनी होत नाही, असं नियम धरून चालतो.
ती असते, नाहीतर फुटते.

मी लिहिलं : क्लच. झीज. वगळला.

“वगळला?” आंग्रेबाई उठल्या.
“अहो, शेकडो पाय पडलेत त्याच्यावर,
एकूणएक घाबरलेले.
फतेगंजच्या पुलावर चढातच बंद पडायची,
मागून हॉर्न, शेजारी रडवेला पोरगा.
हा अपघात नव्हे?”

“अपघात अचानक व्हावा लागतो, बाई.”

“अचानकच व्हायचा. रोज.”

ठाकोरभाई खो खो हसले.
मला जमलं नाही.
मी पेडलचं रबर बघत होतो.
मूळचंच. आडव्या रेघा पार पुसलेल्या,
आणि उजवी कड जास्त खाल्लेली.

पाय तिरका टाकून
उजव्या कडेवर हाफ क्लच धरणारा एक मुलगा
माझ्या ओळखीचा होता.
दोन हजार दहाचा मे, सकाळी सहाची बॅच,
डावीकडून येणारा हाच आवाज :
टाच खाली, शिर्के!
गाडी काही पळून नाही जायची!

आता टक्कल, चष्मा, गळ्यात ओळखपत्र.
त्यांनी ओळखलं नाही.
फॉर्मच्या तळाशी एक ओळ असते :
विमाधारकाशी हितसंबंध, असल्यास.
बाकी सगळं भरलं.
तिथे पेनाचं टोक टेकवलं, आणि उचललं.

निघताना बाई गुडघा चोळत होत्या.
“शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक असतो ना,
त्याचं हे. याला कुठला रकाना?”
ठाकोरभाई म्हणाले, घसारो.
कुणी काही बोललं नाही मग.

घरी परतताना त्याच पुलाच्या चढावर सिग्नल लागला.
पुढे रिक्षा, मागे ट्रक,
आणि बघतो तर
माझा डावा पाय क्लचवर तिरका,
अर्धा दाबलेला,
चौदा वर्षं झाली तरी.

कुणी बघत नव्हतं.
न्यूट्रल केली.
टाच खाली टेकवली.