सडबरीतला सेट

दुपारी तीनला हॉकीच्या बर्फावर फळ्या टाकतात,
फळ्यांवर स्टेज चढतं,
मग माझं काम सुरू होतं:
काळा मार्कर, पाच कागद,
आज वाजवायची गाणी वरून खाली लिहायची
आणि ज्याच्या त्याच्या पायाशी चिकटवायची.
फळ्यांतून गारठा वर येतो. माझं अक्षर थरथरतं,
त्याला वयही कारण असेल.

ड्वेन म्हणतो, 'सायकल' काढ आज.
कोणत्याही गावात तो हेच म्हणतो.
'दारातली सायकल' त्यानं एकविसाव्या वर्षी लिहिली,
एका मुलीसाठी, जिचं आडनाव
आता त्याला आठवावं लागतं.
ड्रमच्या मागून टोइव्हो स्क्रू पिळत म्हणतो,
लोकांनी पोरं सांभाळायला माणूस ठेवलाय, ड्वेन,
तासाचे पंधरा डॉलर.
त्यांना सायकल दे.

मी टोपण दातांत धरून उभी.

पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावून घेता येते.
वाटलेलं पुन्हा वाटलं जातं.
गाणं गुळगुळीत झालं तर कुणाला बोलवायचं?
आणि ठेवणीतलं म्हणून जे ट्रंकेत जपलं,
ते उघडून बघितलंय कुणी?
घडीवरच विरलंय की काय?

रात्री पहिल्या रांगेत गॉर्डी होता.
थंडर बेहून आलेला, गाडीतच झोपणारा,
वही घेऊन फिरतो, हा त्याचा त्रेसष्टावा कार्यक्रम.
वहीत 'मिठाचं गोदाम' समोर एकच रकाना रिकामा:
कॅसेटच्या मागच्या बाजूचं शेवटचं गाणं,
जे आम्ही स्टेजवर एकदाही वाजवलं नाही.
मी ते नवव्या क्रमांकावर लिहिलं होतं.
का, विचारू नका. मार्कर माझ्या हातात होता.

ड्वेननं कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं,
आणि सुरू केलं.
पहिल्या ओळीतच हॉल उठला,
टाळ्यांसाठी नव्हे, बिअरसाठी.
बायकांच्या स्वच्छतागृहाची रांग
थेट पॉपकॉर्नच्या गाड्यापर्यंत गेली.
दुसऱ्या कडव्याशी ड्वेन थांबला.
शब्द गेले.
टोइव्हो तीच थाप पुन्हा पुन्हा मारत राहिला,
बसस्टॉपवर कुणी पाय आपटावेत तशी.

तेव्हा मी पाहिलं:
गॉर्डी आवाज न काढता ओठ हलवत होता,
सावकाश, एकेक शब्द सुटा करून,
बहिऱ्या भावंडाशी बोलावं तसा.
ड्वेन गुडघ्यावर बसला
आणि त्याच्या ओठांवरून
स्वतःचं गाणं वाचत गेला.
चुका झाल्या. एक ओळ दोनदा आली.
गॉर्डीनं वही उघडलीसुद्धा नाही.

शेवटी 'सायकल' झालीच.
पहिला सूर लागताच चार हजार माणसं
एका गळ्यानं उठली,
ड्वेननं माइक त्यांच्याकडे वळवला
आणि नुसता उभा राहिला.
त्याचा चेहरा मला बाजूनं दिसत होता.
तो बहुधा रक्तदाबाच्या गोळीचा विचार करत होता.
आणि रेलिंगला टेकलेली एक बाई,
इस्पितळाचा निळा गणवेश, वर कोट,
डोळे मिटून, सगळ्यांच्या अर्धी मात्रा मागे,
अशी गात होती
की ते गाणं कालच लिहिलं असावं, तिनंच.

आता सांगा, कुठलं गाणं कुणाचं?
मी तीस वर्षं कागद लिहितेय,
मला वाटायचं उत्तर कागदावर आहे.

मध्यरात्री मी केबल गुंडाळत होते.
फळ्यांखालचा बर्फ कडकड वाजत होता.
निळ्या गणवेशाची ती बाई मागं आली, हळूच म्हणाली,
मी रांगेत होते तेव्हा भिंतीपलीकडून काही येत होतं,
नीट ऐकू आलं नाही,
मध्येच थांबलं आणि पुन्हा सुरू झालं,
ते कुठलं होतं हो?

मी ड्वेनच्या पायाशी चिकटवलेला कागद उचलला,
बुटाच्या ठशासकट,
नवव्या ओळीवर बोट ठेवलं
आणि तो तिलाच दिला.
उद्या नॉर्थ बे. उद्याचा कागद अजून कोरा आहे.