गिस्लेन नव्या मुलीला सांगते

अंगठी काढ आधी.
आणि हाताला लावलंयस ते लॅव्हेंडरचं क्रीम, धुऊन ये.
ग्लासला कसलाच वास नसणं, हीच आपली नोकरी.

हे बघ, वाफेवर धर, असा, फार जवळ नाही.
काच धुरकटली की तागाचं फडकं आत सोड.
एका हातात बूड, दुसऱ्यात पोट, असं धरून पिळू नकोस कधी.
दांडी मोडते, आणि मोडते ती तळहातात.
ही माझी खूण. सात टाके.
त्या रात्री मेयरच्या मुलीचं लग्न होतं.

आता मांडणी.
वरचे हे गरगरीत पोटाचे, गळ्याशी आवळलेले,
आपल्या बोन गावच्या पिनो न्वारसाठी.
पातळ सालीचं द्राक्ष. कोंडलं की रुसतं.
त्याला एवढं थोरलं घर द्यायचं
आणि आत राहायला ठेवायचे दोन घोट.
मग ते हळूहळू बोलायला लागतं.
चेरी म्हणतं, ओली पानं म्हणतं,
एखाद्या वर्षी सरळ तबेला.
गिऱ्हाईक डोळे मिटून मान डोलावतं.

शेजारचे उंच, खांदे पाडलेले, ते बोर्दोचे.
तिकडची लाल हिरड्या आवळते.
तिला लांबची वाट चालवायची,
जिभेवर पोचेपर्यंत राग उतरतो.
असं आन्सेल्म सांगतो. मी नुसती पुसते.

पांढरीचे लहान. थंड असते तोवरच ती शहाणी.
पण मर्सोची असली तर लहान देऊ नकोस,
वर्षभर ओकच्या पिंपात निजलेली असते,
उठून आळोखेपिळोखे द्यायला जागा लागते तिला.

शँपेनसाठी कुणी कुणी बशीसारखे उथळ पेले मागतात,
सिनेमात पाहिलेले.
उथळ पाण्याला खळखळाट फार.
पाच मिनिटांत बुडबुडे संपतात, उरतं आंबट तोंड.
वाद घालू नकोस. दे, आणि हस.

आणि उपडे ठेवायचे नाहीत.
फळीचा वास आत कोंडतो,
मग माणूस तीनशे युरो मोजून कपाट पितो.

फुटला ना?
अगं, रडतेस काय. पहिला पिनोचाच फुटतो सगळ्यांचा.
झाडू दारामागे. बारीक कण ओल्या कागदानं टिपून घे.

हं, आणि तळाच्या फळीवरचे हे दोन.
जाड, बुटके, दांडी नसलेले. यादीत नाहीत.
दर गुरुवारी चार नंबरला व्होदुआझे नवरा-बायको येतात.
बाईंचा हात थरथरतो आता.
गेल्या हिवाळ्यात दोनदा लाल डाग पडला टेबलावर.
दुसऱ्यांदा त्यांनी तो नॅपकिननं झाकला
आणि जेवण होईपर्यंत हात मांडीवरच ठेवला.

हे माझ्या घरचे. मोहरीच्या बरण्या होत्या,
लेबलं नखानं खरवडून काढली.
आन्सेल्म म्हणाला, व्होलनेची वाइन, मोहरीच्या बरणीत?
आठवडाभर बोलला नाही माझ्याशी.
गुरुवारी मात्र स्वतःच येऊन घेऊन गेला,
एक नाही, दोन्ही.
नवऱ्यापुढेही तसाच ठेवला.
मला नव्हतं सुचलं ते. दुसरा मी
पहिला फुटला तर असावा म्हणून आणला होता.

आता त्यातून चेरी येते की पानं, देव जाणे.

पुसून झाला की काठाला नखानं टिचकी मार.
ऐक, पातळ काच किती वेळ वाजते.
आता त्या दोघांना मारून बघ.
काही नाही.
टेबलावर ठेवले की नुसतं ठक म्हणतात.
तेवढं मला इथवर ऐकू येतं.
गुरुवारी हे दार उघडं ठेवत जा.