एक मीटर बेचाळीस

बदलीच्या हुकुमात माझं नाव होतं, पद होतं: भूकरमापक,
रुजू व्हायची तारीख होती.
मिरीचं नाव नव्हतं.
कुटुंबाच्या रकान्यात
घोडी बसत नाही.

म्हणून महिनाभर आधी, दोन रजा जोडून
फलटणहून वेंगुर्ल्याला आले.
पिशवीत मोजणीची टेप. सवयच ती,
लोकांच्या बांधांची भांडणं मी तिच्यावरच मिटवते.
खांद्याशी मिरी एक मीटर बेचाळीस,
मान वर केली की दोनच्या पुढे,
आणि बुजली
की कुठल्याच मापात नाही.

पहिला गोठा उभादांड्यात. दार इतकं बुटकं
की मीच वाकून आत गेले.
दुसरा मिंगेल फर्नांडिसचा, ऐसपैस, वर मंगलोरी कौलं,
पण कुडापलीकडे डुकरं.
"चार दिसांत सवय होतली गो," तो म्हणाला.
त्याला कसं सांगावं, मिरी एकोणीस वर्षांत
कुकरच्या शिट्टीलाही सरावलेली नाही.

मग वाळूला लागून एक रिसॉर्ट.
मालकानं गॉगल कपाळावर सारला:
भाडं नकोच मॅडम, शनिवार-रविवार तेवढी
पोरं फिरवू द्या पाठीवर.
मी तिच्या गुडघ्यांचं सांगितलं.
मग नुसती फोटोला उभी करू, म्हणाला.
चहा अर्धा ठेवून उठले.

रात्री लॉजवर वहीत लिहीत बसले:
कडबा इकडे नाही, भाताचा पेंढा खाईल का बघावं लागेल,
नालबंद कोल्हापूरहून, त्याचं येण्याजाण्याचं वेगळं,
चारा वाळूवर टाकायचा नाही, वाळू पोटात बसते,
जांभ्यावर खूर घासतात, खाऱ्या हवेत
नालेचे खिळे किती दिवस टिकतील.
पुढं लिहवेना.
दादांनी टांगा विकला तेव्हा गिऱ्हाइकानं विचारलं होतं,
आणि घोडी?
दादा म्हणाले, ती टांग्याबरोबरची नाही.
कारण सांगितलं नाही त्यांनी.
मलाही येत नाही सांगता.

सोमवारी एसटी दीडची.
सकाळी निवतीच्या वाटेवर, माडांत, एक मांगर दिसला
झापांनी शाकारलेला, मोकळा.
बाहेर सगुण तांडेल जाळं सांधत होता.
"होडयेचो मांगर तो. होडी आता दर्यात."
मी टेप काढली. दार दोन चाळीस.
खाली सारवलेली घट्ट माती.
विहीर सतरा पावलांवर; ओंजळभर प्यायले,
मचूळ नव्हतं.

"लाता मारता काय?"
मला नाही.
"आणि माका?"
माहीत नाही, म्हटलं.
तो हसला, सुई दातांत तशीच धरून.
"भाडा नको. लीद माडांक घाल."

पण पावसात होडी आत येते.
नारळी पुनवेपर्यंत बाहेर जात नाही.
मी मांगराच्या रुंदीतून होडीचं पोट वजा केलं,
पुन्हा वजा केलं. उभं राहण्यापुरती जागा.
"घोडे उभ्यानच निजतत ना?"
डुलकी उभ्यानं. झोप लागली तर आडवी होते.
सगुणनं जाळं खाली ठेवलं.
आढ्याकडे बघत राहिला, जसं कुणी
दुसऱ्याच्या पाहुण्यासाठी
आपल्या घरात खाट कुठं लावावी ते बघतं.
"होडीच वर टांगूया," म्हणाला.

किती वर? मी पेन काढलं.
मान वर केली की दोन मीटर दहा.
"आणि बुजली तर?"
त्यालाच कसं सुचलं ते विचारणं.
मी गप्प.
त्यानं हात वर केला, हवेत अंगठा आणि करंगळी ताणली,
जाळ्यानं कापलेली, तिखट मिठानं बरी झालेली बोटं.
"हेच्यापरीस एक वीत ज्यास्त धरूया."

वीत कुठल्याच नकाशात चालत नाही.
मी लिहून घेतली.