ईस्ट हॅममधलं म्हाळुंग

तिसरा महिना.
पाणीसुद्धा पोटात ठरेना.
डॉक्टर म्हणाली, आल्याची बिस्किटं खा.

भिंतीपलीकडच्या शिवकोळुंदू आजींनी
हॉर्लिक्सच्या जुन्या बरणीतून काढली
मिठात मुरलेली, काळपट, पीळ पडलेली साल.
"नारत्तंगाय. पित्ताला. जिभेखाली ठेव, चावू नकोस."

त्यांचे वडील जाफन्यात सिद्धवैद्य.
ताडपत्रं जळाली, म्हणाल्या,
हात तेवढे आठवतात.
साल वाळते रेडिएटरवर;
इथे ऊन औषधालाही मिळत नाही.

खारट, कडू, मग कुठूनसा वास,
आणि फोनवर शोधलं तर
अगंबाई, हे म्हाळुंग!
कोल्हापूरच्या देवीच्या हातातलं.
इतकी वर्षं हात जोडले,
काय धरलंयस, कधी विचारलं नाही.

रात्री दोन घास दहीभात.
राहिला.